गाडी केकाटते

हंगामात हिंगणघाटला पहाटे पोचलं की गावाच्या आधी कापूस भेटतो. रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, चहाटपरीच्या छपराला पांढरे पुंजके अडकलेले असतात. बाजार समितीपुढे रात्रीपासून रांग लावून बसलेल्या मेटॅडोर-ट्रॅक्टरांवरून उडालेले ते. वणेकाठचं हे गाव दीडशे वर्षांहून अधिक काळ कापसावर जगत आलं आहे. इंग्रजी अमदानीत व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘हिंगणघाट’ हे गावाइतकंच कापसाच्या एका प्रतीचंही नाव होतं, आणि देशी कापसात ती प्रत फार वरची गणली जाई. तो गावरान कापूस आता शिवारात दिसत नाही, सगळीकडे बीटी आहे. जिनिंग मात्र तशीच धडधडतात आणि पुंजकेही तसेच उडतात.

मी हंगाम बघायला गेलो होतो. माझा मावसभाऊ तिथला. त्याचा सहाचाकी टाटा १६१३ आहे. तो स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. एका जिनिंगमधून गाठी भरून वर्ध्याच्या वखारीत टाकायच्या, तिथून रिकाम्या गाडीनं देवळी-पुलगावमार्गे आर्वी गाठायची आणि आर्वीहून ढेपेची पोती घेऊन परतायचं, असा त्याचा फेरा ठरलेला. जिल्ह्याला जवळजवळ पुरी प्रदक्षिणाच. म्हटलं, याच्यापेक्षा चांगली बैठक कुठे मिळणार?

बैठक म्हणजे बोनेट. या जुन्या गाड्यांत इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध असतं. वर पत्र्याचं झाकण, त्यावर गादी. थंडीच्या दिवसांत केबिनमधली सर्वांत मानाची जागा तीच. १७० किलोच्या एकेक गाठी हमालांनी आकड्यानं ओढून चढवल्या, दोर आवळले, ताडपत्री बांधली. भावानं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि सेल्फ मारला. इंजिन धरलं आणि त्याच क्षणी माझ्या बुडाखालून चींऽऽ असा जो आवाज उठला, त्यानं फाटकावरचं कुत्रं उठून बसलं.

“हे काहाचं रे?”

“काई नाई दादा. दिवाळीपासून रडून राह्यली. पाच मिनटात होते चूप.”

पाच मिनिटांत तो गप्प झाला नाही. बारीक झाला, थांबला, वाटलं गेला, आणि फाटकातून बाहेर पडताना भावानं धुक्यासाठी दिवे लावले तसा पुन्हा चढला. जिनिंगच्या फिटरनं लांबूनच हात हलवून सांगितलं, “डायनेमो गेला तुहा!” काट्यावरचा बाबू म्हणाला, टर्बो. मागं हवेचं दुकान होतं, त्या पोराच्या मते पुढच्या चाकात ग्रीस नव्हतं. ज्याचं जे दुकान, त्याच्या कानाला तोच आवाज. दिवाळीपासून भावाला असे बरेच निदानकर्ते भेटले होते. डायनेमोची बेअरिंगं तर त्यानं बदलूनही घेतली होती. पैसे गेले, आवाज राहिला.

क्लीनर पोरगा वेगळ्या पंथाचा. त्यानं टूल पेटीतून कपड्याच्या साबणाची वडी काढली, गाडी थांबवायला लावली, पुढच्या जाळीतून हात घालून चालत्या पट्ट्याला ती वडी टेकवली. आवाज एकदम बंद. माझा मात्र जीव वरखाली झाला, कारण त्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर पंखा फिरत होता आणि पोराच्या गळ्यात दुपट्टा लोंबत होता.

“रोजच लावता का?”

“हाव. वर्ध्यापर्यंत नाई पुरत. वायगावले एकडाव लागते.”

त्याचा हिशेब चोख निघाला. वायगावच्या अलीकडेच गाडी पुन्हा केकाटायला लागली.

वर्धा जिल्ह्यात वायगावं एकाहून अधिक. जिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते समुद्रपूर तालुक्यातलं हळद्या वायगाव. आम्ही थांबलो ते वर्ध्याच्या वाटेवरचं निपाणी वायगाव. इथं तर्री-पोहे खाता खाता भावाला म्हटलं, साबण राहू दे, आधी हा आवाज कुठला नाही ते तरी ठरवू. तो काही अडाणी ड्रायव्हर नव्हे. त्याला ते माहीत होतंच, फक्त कोणी बरोबर नव्हतं, आणि धंद्यात एकट्याला गाडी उभी ठेवून आवाज ऐकत बसायला वेळ कुठला?

गाडी जागेवर उभी, गिअर काढलेला. त्यानं ॲक्सिलेटर दाबला तसा आवाज वाढला, सोडला तसा उतरला. म्हणजे चाकं, ब्रेक, हब, मागं जाणारा प्रोपेलर आणि त्याचे क्रॉस सगळे सुटले. ते उभ्या गाडीत फिरतच नाहीत. मग क्लच दाबून धरला. फरक नाही. रिलीज बेअरिंग रडत असतं, तर क्लच दाबला की त्याचा सूर बदलला असता. टर्बोची शीळ ओझ्याखाली, चढावर, इंजिन जोर लावतं तेव्हा चढते. नुसतं जागेवर रेस केलेल्या इंजिनात ती इतकी वाजत नाही. उरलं काय? इंजिनाचं तोंड. या गाडीचं इंजिन कमिन्सचं आहे, सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली भागीदारी केल्यावर जमशेदपूरला ही इंजिनं बनू लागली. त्याच्या तोंडावर एकच लांब पट्टा असतो. आतल्या बाजूला उभ्या धारा असलेला हा पट्टा खालच्या क्रँक पुलीवरून निघतो, पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो, डायनेमो फिरवतो आणि वाटेत टेन्शनरच्या पुलीवरून वळसा घेतो. टेन्शनर म्हणजे स्प्रिंगचा हात. पट्टा सैल पडू नये म्हणून तो त्याला सतत रेटून धरतो.

हे सगळं दीड-दोन फुटांच्या जागेत. त्यातलं नेमकं कोण ओरडतंय हे केबिनमध्ये बसून सांगणं जवळपास अशक्य. ते झाकण, ती पत्र्याची भिंत, ती काच यांवर आपटून आवाज सगळीकडून येतो. शिवाय दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या अशा एकसुरी आवाजाची दिशा ओळखण्यात माणसाचा कान मुळातच कच्चा. मला तो डाव्या पायाखाली वाटे, क्लीनरला उजवीकडे. डायनेमोचा बळी गेला तो असाच. तो बाजूला, वर, डोळ्यांसमोर दिसतो, आणि दिसतो त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं.

तरी दोन गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या होत्या. सेल्फ मारल्यावर काही मिनिटं आवाज मोठा, आणि दिवे लावले की पुन्हा मोठा. दोन्ही वेळा डायनेमोवर ओझं येतं. सेल्फ एका झटक्यात बॅटरीतून शेकड्यांनी अँपिअर ओढतो आणि ते भरून काढायला डायनेमोला लगेच राबावं लागतं. पुढचे दोन दिवे म्हणजे दीडशे-एक वॅटचा भार. डायनेमो जड झाला की पट्ट्याला तो फिरवायला जास्त ताकद लागते. पकड पुरेशी नसेल तर पट्टा पुलीवर घसरतो, पुन्हा पकडतो, पुन्हा घसरतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्या थरथरीचाच आवाज होतो. फळ्यावर खडू उभा धरला की जो अंगावर काटा येतो, त्याचं कारण हेच. तेव्हा ओरडत होता तो पट्टा, यात शंका नव्हती. त्याला ओरडायला लावत कोण होतं, ते मात्र अजून कळलं नव्हतं.

वर्धा हे गाव आपल्या जिल्ह्याहून वयानं लहान आहे. १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून जिल्हा झाला तेव्हा त्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्यात हलवलं, आखणी करून नवं गाव वसवलं आणि नदीचं नाव त्याला दिलं. त्यामुळे जुन्या भागातले रस्ते रुंद आणि सरळ आहेत. ट्रकवाल्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण दिवसा त्याला त्यांवरून जाऊच देत नाहीत. वखारीत गाठी उतरायला दुपार होणार होती. त्यानंतर भाऊ गाडी घेऊन एका गॅरेजात जाणार होता. मी गोरस भांडारातून गोरसपाक घेतला आणि मगन संग्रहालयाकडे निघालो.

मगनलाल गांधी १९२८ साली गेले. त्यांच्या नावाचं हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलं. ते ज्या मगनवाडीत आहे, तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार चाले आणि जे. सी. कुमारप्पा राहत. घाणी, कागद, मधमाशा, कुंभाराचं चाक, सगळ्यांत सुधारणा करण्याचा इथे उद्योग चालू असे. मी मात्र त्या दिवशी चरख्यांपुढेच रेंगाळलो. डोक्यात पट्टा होता म्हणून असेल. चरखा हेही पट्ट्यावर चालणारं यंत्रच. मोठं चाक, त्यावरून जाणारी सुताची माळ आणि टोकाला गरगर फिरणारी चाती. चरखा कुरकुरला तर तेल देतात, पण कुठे? चातीच्या आधाराला, चाकाच्या आसाला. माळेला चुकूनही नाही. माळ घसरू नये म्हणून तिला उलट मेण किंवा राळ चोळतात. जिथे घासायचं नाही तिथे वंगण आणि जिथे धरून ठेवायचं तिथे राळ, एवढं शास्त्र सूत कातणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं.

आमच्याकडचं डोकं मात्र बैलगाडीवर घडलेलं. बैलगाडीच्या आखाखाली वंगणाचा नळा लटकलेला असायचा. चाक करकरलं की गाडीवान उतरायचा, तेलात भिजलेलं काळं वंगण आसाला फासायचा आणि पुढे निघायचा. करकर म्हणजे कोरडेपणा, त्यावर इलाज वंगण. लाकडी आसाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं होतं. बैलगाडी गेली, ट्रक आला, पण आवाज आला की काहीतरी बुळबुळीत फासायचं ही सवय तशीच राहिली. साबण, रॉकेल, मेणबत्ती, ब्रेक ऑइल, यांतलं काय काय पट्ट्याला लावतात ते ड्रायव्हरांना विचारा. पट्टा तर पकडीवरच चालतो. बुळबुळीत केला की तो घसरतो, पण न थरथरता घसरतो, म्हणून गप्प. घसरण तेवढीच, किंबहुना वाढलेली. डायनेमो कमी फिरतो, पंप कमी फिरतो, रबर तापून गुळगुळीत होतं, आणि साबण वाळला की आवाज पहिल्यापेक्षा मोठा येतो.

चरख्यांच्या दालनात आणखी एक गोष्ट आठवली. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी कडक होत्या. आठ तासांत १६,००० वार सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत हवी, यंत्र खेड्यातल्या झोपडीत चाललं पाहिजे. यापुढची अट मला सर्वांत आवडते. यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कुणाला मिळालं नाही. ट्रक बनवणाऱ्यांपुढे अशी अट कुणी ठेवली तर आमचा भाऊ त्याची आरती ओवाळील.

सेवाग्राम इथून जवळच, पण तिकडे जायला वेळ नव्हता. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा वाट इतकी खराब होती की जमनालाल बजाजांनी आपल्या जुन्या फोर्डला बैल जुंपून वाहन तयार केलं आणि त्याला विनोदानं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, असा किस्सा वर्ध्यात सांगतात. बैल जुंपलेल्या गाडीचा फॅनबेल्ट केकाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

गॅरेजात पोचलो तेव्हा भाऊ खुशीत होता. मिस्त्रीनं पट्टा काढून पाहिला होता. त्याला चीर नव्हती, तडा नव्हता, तरी नवा टाकला होता. चीर नसणं हा पुरावा नव्हेच. जुन्या काळचे पट्टे निओप्रीनचे असत, ते म्हातारे झाले की तडकत. हल्लीचे ईपीडीएम नावाच्या रबराचे. ते तडकत नाहीत, नुसते झिजतात. धारांमधल्या खाचा खोल होत जातात आणि वरून पट्टा ठणठणीत दिसतो. त्यामुळे बदलला ते वाईट झालं नाही. सेल्फ मारला, इंजिन नुसतं घरघरलं. दिवे लावले. शांत. वायपर, हॉर्न, सगळं चालू केलं. शांत. भावानं पैसे दिले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आवाज मीच आणला होता आणि मीच आता उतरावं.

वर्ध्याहून देवळीपर्यंतचा रस्ता आता नागपूर-तुळजापूर महामार्गाचा भाग आहे. सिमेंटचा, चौपदरी. दोन्ही बाजूंनी तूर फुलोऱ्यावर आणि मधेमधे वेचणी झालेल्या पऱ्हाटीचे तपकिरी पट्टे. रिकामा ट्रक सिमेंटवर दणदण उड्या मारतो, त्यात इतर काही ऐकू येत नाही. देवळीला महामार्ग सोडून पुलगावच्या रस्त्याला लागलो, वेग कमी झाला, आणि मला ते ऐकू आलं. चिव. मग काही नाही. मग चिव, चिव. अगदी बारीक आणि तालात.

मी भावाकडे पाहिलं. त्यानं आवाज ऐकला होता, पण ऐकू न आल्यासारखा चेहरा करून चालवत राहिला. शेवटी क्लीनरनं टूल पेटीकडे हात नेला तेव्हा तो खेकसला, “ठेव थे साबन! पुलगाव येऊन राह्यलं.”

पुलगाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, एक लष्कराचं दारूगोळा भांडार आणि दुसरी कापडगिरणी. गिरणी बंद पडून वर्षं झाली. भांडार आहे, आणि २०१६ च्या ३० मेच्या मध्यरात्रीनंतरच्या स्फोटांची आठवण गावात अजून ताजी आहे. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकच्या वायरिंगचं एक छोटं दुकान होतं, बाहेर उघडलेल्या डायनेमोंची रास. भावानं गाडी तिथे लावली ती केवळ सावली होती म्हणून. दुकानातला पोरगा पंचविशीच्या आतला, पन्नीतला खर्रा घोटत मोबाइलवर काही तरी बघत बसलेला. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केलेला, हे नंतर कळलं. आवाज ऐकून त्यानं मानही वर केली नाही. विचारलं, “चिवचिव करते का लांब केकाटते?”

“पयले केकाटे. नवीन पट्टा टाकला त चिवचिव करते.”

आता त्यानं मोबाइल ठेवला. डायनेमो काढायला सांगेल अशी आमची तयारी होती, कारण त्याचं पोट त्याच्यावर. त्यानं आधी भावाच्या आणि क्लीनरच्या गळ्यातले दुपट्टे काढायला लावले. मग पाण्याची बाटली घेतली, बुचाला भोक पाडलेली, आणि चालत्या इंजिनात पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर बारीक चिळकांडी मारली. आवाज बंद झाला. आम्ही श्वास रोखून. आठ-दहा सेकंदांनी, चिव.

“ढिला नाई हे,” तो म्हणाला. “ढिला असता त पान्यानं आनखी केकाटला असता. हे पुली वाकडी हाय कोनती तरी.”

सगळा तपास या एका वाक्यात होता. पट्टा सैल असेल तर ओल्यानं पकड आणखी सुटते, आवाज वाढतो. पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा प्रत्येक फेरीला पुलीच्या खाचांत तिरका शिरतो, धार खाचेच्या भिंतीला घासते आणि चिवचिवते. पाण्यानं ती घासणी क्षणभर निवते आणि पाणी उडून गेलं की परतते. नव्या पट्ट्याच्या धारा कोऱ्या होत्या तोवर त्यांनी सांभाळून घेतलं. तासाभरात त्याही घासल्या.

मग इंजिन बंद. हॅकसॉचं लांब पातं त्यानं दोन-दोन पुल्यांच्या कडांवर आडवं ठेवून पाहिलं. क्रँक आणि पंखा, सरळ. पंखा आणि डायनेमो, सरळ. टेन्शनरच्या पुलीवर ठेवलं तर एका बाजूला पातं टेकलं आणि दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट राहिली. पट्टा उतरवून त्यानं इंजिन काही सेकंद तसंच चालवलं. पंप फिरत नसताना जास्त चालवायचं नसतं. फक्त इंजिनाची घरघर आली, चिवचिव नाही. बंद करून तो एकेक पुली हातानं फिरवत गेला. डायनेमोची गरगर फिरली आणि सावकाश थांबली. “याचे बेरिंग बदलले ना तुमी? चांगलेच होते थे बी,” तो सहज म्हणाला, भावानं ऐकलं. पंपाची जड आणि गुळगुळीत. टेन्शनरची पुली फिरवली तर खरखर करत अर्ध्या फेरीत थांबली, आणि दोन बोटांत धरून हलवली तर डुगडुगली.

पुली खोलली तेव्हा आम्ही चौघंही वाकून बघत होतो. पुलीच्या मागे, बेअरिंगच्या झाकणाला वेटोळं घालून, करड्या रंगाचं जाड नमद्यासारखं काही बसलं होतं. पोरानं ते पेचकसानं उचकटलं. निघालं ते अखंड कडं. बाहेरून काळं, चिकट, साबणाचा वास येणारं, आणि बोटांनी उकललं तर आत पांढरी स्वच्छ रुई. तंतू न् तंतू वेगळा करता येईल इतकी स्वच्छ. जिनिंगच्या आवारात तासन् तास इंजिन चालू ठेवून गाडी उभी राहते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर रुई येते. बरीचशी जाळीवर अडते, काही आत शिरते आणि फिरत्या गोष्टीला गुंडाळली जाते. तिला धूळ मिळाली, मग साबण मिळाला. वेटोळं घट्ट होत झाकणाच्या कडेखाली घुसलं, झाकण उचललं गेलं, आतलं ग्रीस त्या रुईनं वातीसारखं पिऊन टाकलं. बेअरिंग कोरडं पडलं, झिजलं, पुली तिरकी झाली. भावाच्या गाडीला वंगण खरोखरच कमी पडलं होतं, पण क्लीनर साबण लावत होता त्याच्यापासून चार इंच आत.

“जिनिंगच्या गाडीले होते हे,” पोरगा खर्रा तोंडात टाकत म्हणाला. “दर हंगामाले एकदोन येतेच.” मग तीन गावं तीन दुकानं फिरून हे कुणीच का सांगितलं नाही, असं भावानं विचारलं. “खोलून पाह्यलं असंल त सांगतीन.” त्यानं स्प्रिंगचा हात तपासला, तो ठीक होता. बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं होतं. शेजारच्या दुकानातून आणलं, पुलीत ठोकून बसवलं. नवा पट्टा ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुतला, पुल्यांच्या खाचांतली साबणाची पुटं काढली, रेडिएटरवर हवा मारली. जाळीतून कापसाचा एक ढगच निघाला आणि त्याच्या दुकानातल्या डायनेमोंवर बसला. बेअरिंगचे आणि मजुरीचे मिळून पैसे सांगितले, ते भावानं दिवाळीपासून या आवाजावर उधळले होते त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. भावानं घासाघीस केली नाही. विदर्भात ट्रकमालकानं गॅरेजात घासाघीस न करणं ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे.

पुलगाव-आर्वी रस्ता मला आवडतो तो त्याला लागून असलेल्या रेल्वेमुळे. १९१७ साली सुरू झालेली ही नॅरोगेज लाइन कापूस वाहण्यासाठीच घातली होती. आर्वीकडच्या गाठी पुलगावला आणायच्या, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला. सोरटा, विरूळ, रोहणा अशी गावं घेत ती डुलत जायची. आता गाडी बंद आहे. रूळ बाभळीत आणि गवतात शिरले आहेत, आणि तिची सगळी ओझी आमच्या भावासारख्यांच्या पाठीवर आली आहेत. वाटेत त्यानं उगीचच एकदा दिवे लावून पाहिले. ऊन चांगलं होतं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हातानं खूण करून दिवे चालू असल्याचं कळवलं.

आर्वीला ढेप भरताना रात्र पडली. परतताना खरांगणा, आंजी असा रस्ता. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावरून कंटेनर सुसाट जात होते. आमच्या गाडीचे दिवे हिंगणघाटला लावले तेव्हा जो आकांत झाला होता, तो इथे झाला नाही. बोनेटवर बसून मला फक्त इंजिनाची ऊब लागत होती आणि ढेपेचा वास येत होता. क्लीनरला झोप लागली होती. भाऊ मात्र अधूनमधून मान तिरकी करून ऐकत होता. इतक्या महिन्यांची सवय.

तुमची गाडी कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभी राहत असेल तर दर पंधरवड्याला पुढची जाळी, पंख्याचा हब आणि टेन्शनरची पुली यांवर हवा मारून घ्या. उभी असताना इंजिन बंद ठेवा. पट्टा ओरडला तर आधी पाण्याची बाटली वापरा आणि ती मारताना गळ्यात काही ठेवू नका. आवाज वाढला तर ताण पाहा, थांबून परत आला तर पुल्यांची रेष पाहा. साबण आंघोळीला ठेवा.